ते बघ, मांजर!

रक्त काढणाऱ्या बाईला तिच्या नावाने कोणी ओळखत नसे. लॅबमध्ये तिला सगळे सुईताई म्हणायचे. मोठी माणसं हसत म्हणायची, लहान मुलं रडत म्हणायची, एवढाच काय तो फरक.

कामात मात्र तिचा हात धरणारं त्या बंदराच्या गावात कोणी नव्हतं. शीर कितीही लपून बसलेली असो, माणूस कितीही जाडजूड असो, सुईताईला एकदाच टोचावं लागायचं. तिची पद्धत ठरलेली. माणूस खुर्चीत बसला की दंडाला रबरी पट्टा, स्पिरिटचा बोळा, आणि मग एकदम खिडकीकडे बोट: "अगंबाई, ते बघा मांजर!" माणसाची मान वळायची आणि तेवढ्यात सुई आत गेलेली असायची. "झालं सुद्धा!" असं ती म्हणायची तेव्हा नळी निम्मी भरलेली असायची.

खिडकीत मांजर नसायचंच. समोर गोदामाची सपाट भिंत होती, शेवाळलेली. तिथे बसायचं तर मांजराला पंख फुटायला हवे होते. पण माणूस घाबरला की त्याला मांजर दाखवलं तरी चालतं आणि हत्ती दाखवला तरी, यावर सुईताईचा गाढ विश्वास होता. तिच्या मते जगातल्या निम्म्या अडचणी विचारण्यातून होतात. "सुई टोचू का म्हणून विचारत बसले असते तर आजवर एका माणसाचं रक्त निघालं नसतं," असं ती नव्या मुलींना शिकवायची.

तिला या कामात गोडी कशाची होती म्हणाल, तर माणसांच्या चेहऱ्याची. खुर्चीत बसताना पाचावर धारण बसलेली माणसं उठताना कशी हलकी होतात, ते तिला बघायला आवडायचं. कापूस दाबून धरत, बाही खाली करत, बाहेर जाताना माणूस ओळखपाळख नसताना हसून जातो. सुटलो बुवा, असा तो चेहरा. दिवसभर तसे चेहरे बघून सुईताई घरी जायची ती पोटभर जेवल्यासारखी.

घरीही तिने कधी कोणाला काही विचारलं नाही. पडदे बदलले, नवऱ्याची आवडती मोडकी खुर्ची भंगारात दिली, जेवायच्या टेबलाची दिशा फिरवली. सगळं झाल्यावर सांगितलं. नवरा निवृत्त माणूस, गरीब स्वभावाचा. बायकोचं वाक्य संपायच्या आत "हो" म्हणायची त्याला इतकी सवय झाली होती, की एकदा ती नुसती शिंकली तरी तो हो म्हणाला.

फक्त लेकीपुढे तिचं चालत नसे. लेक एका भाषावर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. लहानपणी ती सारखी तापाने आजारी पडे, आणि आईच तिला लॅबच्या खुर्चीत बसवून रक्त काढायची. दर वेळी मांजर दाखवलं, दर वेळी लेकीने बघितलं. मोठी झाल्यावर मात्र सुई नुसती दिसली तरी तिचे हातपाय गार पडायला लागले. अलीकडे तिला जिना चढताना धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. ती चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होती आणि कडा पिवळ्या पडल्या तरी लेकीचा "पुढचा आठवडा" काही उजाडत नव्हता.

सुईताईला काळजीने घास गोड लागेना. एका रविवारी दुपारी लेक सोफ्यावर झोपलेली असताना ती सामान घेऊन हळूच तिच्याजवळ बसली. पट्टा बांधेपर्यंत लेकीचे डोळे उघडले. तिने आरडाओरडा केला नाही. पट्टा सोडून आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "पुन्हा असं केलंस ना आई, तर मी दुसरीकडे राहायला जाईन." बोलली ते खरं करणारी मुलगी होती. सुईताईने सामान डब्यात भरलं आणि त्यावर पुन्हा अक्षर काढलं नाही.

अशात लॅबला मोठं काम मिळालं. बंदरात येणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांची तपासणी. नाना देशांची माणसं. एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही, म्हणून सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. सुईताई घाबरली नाही. मांजर काय, कुठल्याही भाषेत मांजरच. "लुक, कॅट!" म्हणून तिने पहिल्याच खलाशाला टोचलं. तो असा दचकून उठला की ट्रे खाली, नळी खाली, आणि तो दारात. दुसरा उपाशीपोटी आलाय की नाही ते तिला विचारायचं होतं. "कॅन यू ब्रेकफास्ट?" असं तिने विचारलं. त्या भल्या माणसाला वाटलं बाई आग्रह करतेय. "येस, थँक यू!" म्हणून तो समोरच्या उपाहारगृहात गेला आणि पोट चोळत परत आला.

जहाज कंपनीने तक्रार केली. न्याहारीबद्दल नव्हे, टोचण्याबद्दल. ही बाई न विचारता सुई घालते, असं त्यांचं म्हणणं.

लॅबच्या मालकीण म्हणजे डॉक्टरीणबाई. त्यांनी सुईताईला आत बोलावून दार लावलं.

"ताई, तुमचा हात सोन्याचा आहे, मला कोणी सांगायला नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण कंपनीचा डॉक्टर येऊन एक सकाळ तुमच्या शेजारी बसणार आहे. प्रत्येक गोष्ट आधी विचारायची, नीट इंग्रजीत. त्याला पटलं तर प्रश्नच नाही. नाही पटलं तर खुर्चीवर नवी मुलगी बसेल आणि तुम्ही मागे मशीनवर."

मागची खोली सुईताईला चांगली ठाऊक होती. तिला खिडकी नव्हती. तिथे नळ्या यायच्या, चिकटपट्टीवर आकडे असायचे, मशीन घूं घूं करायचं. माणूस म्हणून तिथे कोणी यायचं नाही. सुईताईच्या तोंडचं पाणी पळालं. मशीनच्या तोंडावर सुटलो बुवा कसं दिसणार?

घरी येऊन तिने लेकीला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू मला शिकवणार आहेस."

"हे विचारतेस की सांगतेस?" लेक म्हणाली.

"सांगतेय."

"मग पहिला धडा इथूनच," असं म्हणून लेकीने खुर्ची ओढली.

या वयात शिंगं मोडून वासरात शिरायचं सुईताईच्या जिवावर आलं होतं, पण मागच्या खोलीची आठवण झाली की ती मुकाट्याने टेबलाशी बसायची. नवरा पेशंट झाला. बाही वर करून तो जेवायच्या खुर्चीत बसायचा, सुईच्या जागी टोपण लावलेलं पेन.

"यू मस्ट गिव्ह हँड!" सुईताई गरजली.

"येस," नवरा म्हणाला.

"आई, तो काय चोरी करून आलाय का? हुकूम कसला सोडतेस? त्याच्या हाताला हात लावायची परवानगी मागायचीय ना, मग मे. मे आय सी युवर आर्म? त्याने काही करावं अशी विनंती असेल तर कॅन यू, नाहीतर कुड यू. कुड जरा मऊ. कुड यू मेक अ फिस्ट? आणि त्याच्यासाठी तू काही करू का, असं विचारायचं असेल तर शॅल आय. शॅल आय ओपन द विंडो?"

"एवढी सगळी माणसं कशाला कामाला?" सुईताई वैतागली. "आपल्याकडे एकटा 'का' सगळा भार ओढतो. हात बघू का, मूठ वळता का, खिडकी उघडू का. झालं."

"आपला 'का' शेवटी येतो, त्यांचे हे सगळे आधी येतात. दार आधी वाजवायचं, मग बोलायचं, असं समज."

दाराचं सुईताईला पटलं. मस्ट तिच्या स्वभावाला इतका मानवला होता की तो सोडताना तिला जुनं भांडं मोडीत काढल्यासारखं वाटलं. पण हळूहळू बाकीचे जिभेवर रुळले. भांडी विसळताना ती पुटपुटायची, बसची वाट बघताना पुटपुटायची. नवऱ्याला "शॅल आय गिव्ह टी?" म्हणाली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. वाक्यात चूक निघेनाशी झाली. तरी लेक समाधानी दिसेना.

"आता काय राहिलं?" सुईताईने विचारलं.

"परत कर बघू."

सुईताईने नवऱ्याच्या दंडाला पट्टा बांधला. "मे आय?" म्हणाली, आणि त्याचं "येस" पुरतं यायच्या आत पेन त्याच्या कोपरात टेकलंसुद्धा.

"बघ! तू विचारलंस आणि त्याच दमात टोचलंस. ऐकलंस कुठे तू त्याचं?"

"अगं, तो हो म्हणाला ना!"

"बाबा तर तू शिंकलीस तरी हो म्हणतात. दार वाजवून थेट आत घुसायचं असेल तर वाजवायचं कशाला?"

"हो," नवरा सवयीने म्हणाला, आणि मग दोघींकडे बघून बाही खाली करायला लागला.

सुईताईला ते लेकीचं खुसपट वाटलं. विचारायचं असं ठरलं, विचारतेय. आता उत्तराची आरती ओवाळू का? हो याशिवाय दुसरं उत्तर येऊच कसं शकतं, तेच तिला समजत नव्हतं. नाही म्हणणारं माणूस घरात सरावाला नव्हतं, तिथेच सगळी गोम होती.

परीक्षेची सकाळ उजाडली. कंपनीचा डॉक्टर काटकुळा, इस्त्रीचा, कमी बोलणारा. त्याने भिंतीला खुर्ची लावली, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि बसला. पाठीमागे डॉक्टरीणबाई उभ्या. बाहेर बाकांवर खलाशांची रांग.

सुरुवात अशी झाली की सुईताईला स्वतःलाच नवल वाटलं. "मे आय सी युवर आर्म? कुड यू मेक अ फिस्ट, प्लीज?" गाडी रुळावरून घसरली नाही. शेवटचं "मे आय?" आणि सुई मात्र जोडीनेच जात होती, पण तिचा हात इतका हलका की कोणाच्या लक्षात आलं नाही. खलाशी हसून उठत होते. तिकडे डॉक्टर मान डोलावत होता. सुईताईच्या मनात आलं, जिंकलं की!

मग तो आला. दारात मावेना असा गडी, दाढीत पांढरे केस, दंडावर नांगर गोंदलेला. खुर्चीत बसला आणि खुर्ची कुरकुरली. सुईताईने पट्टा बांधला तेव्हा तिच्या बोटांना कळलं, या डोंगराएवढ्या माणसाचा हात थरथरतोय. त्याचे हातपाय गार पडले होते, तळव्याला घाम होता. हा हात तिने आधी कुठेतरी धरला होता, असं तिला वाटून गेलं. सोफ्यावर, रविवारच्या दुपारी.

"मे आय?" ती म्हणाली.

"नो," तो म्हणाला.

सुई कातडीपासून केसभर वर होती. हाताला पुढची वाट पाठ होती. हात आपसूक निघालाच होता. सुईताईने तो कसा आवरला ते तिचं तिला माहीत. नोकरीतला हा पहिला "नाही". नाही म्हटल्यावर काय करायचं ते लेकीने शिकवलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

तिचं बोट खिडकीकडे उठलं. मांजर तोंडाशी आलं होतं. एवढं एकदा, फक्त एकदा दाखवावं, की सुई आत, काम फत्ते, आणि घड्याळही खूश. गडी तिच्याकडे बघत होता. त्या बघण्यात भीती होती. पण भीतीहून जास्त, आता ही बाई काय करते, हे होतं. सुईताईने बोट खाली घेतलं. सुई टोपणात घालून ट्रेमध्ये ठेवली, पट्टा सोडला.

"शॅल आय वेट?" तिने विचारलं. आणि विचारून खरोखर थांबली.

 त्याने मान डोलावली. "प्लीज."

सुईताई स्टुलावर बसली. खुर्चीत माणूस असताना ती कधी बसली नव्हती. पाय कुठे ठेवायचे तेही तिला सुचेना. बाहेर रांगेत चुळबुळ सुरू झाली. कंपनीच्या डॉक्टरने मांडीवरचं घड्याळ उचललं. डॉक्टरीणबाईंनी घसा खाकरला. मागच्या खोलीतलं मशीन घूं घूं करत होतं, ते सुईताईला बोलावल्यासारखं ऐकू येत होतं. गेली खुर्ची, असं तिने मनाशी धरूनच टाकलं. वाईट वाटत होतं. पण उठून त्याचा दंड धरावा असं काही केल्या वाटेना.

गड्याने मोठा श्वास सोडला. मग त्यानेच तिला विचारलं, "मे आय... लुक?"

सुईताईला आधी कळलंच नाही. तो सुईकडे बोट दाखवत होता. त्याला बघायचं होतं. सुई आत जाताना.

एवढी वर्षं तिने माणसांच्या माना वळवल्या होत्या. बघितलं की माणूस घाबरतो, या एका समजुतीवर तिचा सगळा संसार उभा होता. आणि हा थरथरणारा माणूस म्हणत होता, मला बघू दे.

"येस," ती म्हणाली. "यू मे."

तिने सावकाश पट्टा बांधला. सुई त्याला दिसेल अशी धरली. "मे आय?" म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याने डोळे सुईवर ठेवले आणि म्हणाला, "यू मे." सुई आत गेली. तो बघत होता. नळीत लाल धार चढली तसा त्याच्या हाताचा थरथराट थांबत गेला, आणि सुईताईच्या बोटांना तो थांबताना कळत गेला. कापूस दाबून तो उठला तेव्हा त्याच्या दाढीआडून जे हसू आलं, तसं हसू सुईताईने त्या खोलीत आधी बघितलं नव्हतं. फसून सुटलेल्या माणसाचा आणि स्वतः पार पडलेल्या माणसाचा चेहरा वेगळा असतो, हे तिला त्या दिवशी समजलं.

रांग संपल्यावर कंपनीच्या डॉक्टरने घड्याळ मनगटाला बांधलं आणि डॉक्टरीणबाईंशी भराभर इंग्रजीत बोलला. सुईताईला त्यातलं फक्त "स्लो" कळलं. तिने ट्रे पुसायला घेतला. पुसलेला ट्रे परत पुसला.

"ताई," डॉक्टरीणबाई जवळ येऊन म्हणाल्या, "ते म्हणतात वेळ फार लागला."

"हो, लागला खरा."

"आणि म्हणतात, त्या दाढीवाल्याला मागच्या बंदरात चौघांनी धरून ठेवलं होतं, तरी रक्त निघालं नव्हतं. आमची सगळी माणसं याच बाईंकडे पाठवू म्हणतात."

सुईताईचा जीव भांड्यात पडला. ती स्टुलावर बसली, पदराने कपाळ पुसलं आणि एकटीच हसायला लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडावर बघायची ती गोष्ट आज तिच्या स्वतःच्या तोंडावर होती, फक्त आरसा नव्हता.

घरी तिने सगळं सांगितलं. मांजर तोंडाशी आलं होतं तेही लपवलं नाही. नवरा मध्ये मध्ये हो म्हणत होता.  दाढीवाल्याने "मे आय लुक" म्हटलं, तिथे लेकीने आईला थांबवून विचारलं, "मग तू बघू दिलंस?"

"दिलं की."

लेक उठून आत गेली. सुईताईला वाटलं, आपल्या परीक्षेचं हिला काही कौतुक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईताईने "पुढचे या" म्हटलं आणि खुर्चीत लेक येऊन बसली. हातात फ्रिजवरची चिठ्ठी, ओठ पांढरे, बाही आधीच वर केलेली. दारातून नवरा डोकावत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

 एरवी तिने पट्टा बांधून एव्हाना मोकळं केलं असतं. ती थांबली.

"हात बघू का गं?" तिने विचारलं.

"बघ."

"मूठ वळतेस का?"

लेकीने मूठ वळली. हात गार होता. सुईताईने सुई उचलली, तिला दिसेल अशी धरली. "घालू का?"

"थांब."

सुईताई थांबली. बाहेर कोणीतरी खोकलं, कोणीतरी किती वेळ म्हणालं. ती हलली नाही. लेक सुईकडे बघत होती, मग खिडकीकडे, मग परत सुईकडे.

"घाल," ती म्हणाली.

सुई गेली. लेकीने डोळे मिटले नाहीत. नळी भरत आली तेव्हा ती श्वास सोडून म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच गं." कापूस ठेवताना सुईताईचे डोळे भरून आले होते. रक्तात काय निघायचं ते निघेल, गोळ्या घेऊ, भरून काढू. पण पोर खुर्चीत बसली होती, आपणहून. महिनोन्महिने छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला केला असं तिला वाटलं. "दाबून धरशील का?"

लेकीने कापूस धरला. बाही खाली करता करता तिने समोरच्या शेवाळलेल्या भिंतीकडे मान केली.

"आई, खरं सांग. तिथे कधी मांजर होतं का?"

"नाही गं. एकदाही नव्हतं."

"माहीत होतं मला," लेक म्हणाली. "दुसऱ्या वेळेपासून माहीत होतं. तू बघ म्हणायचीस, म्हणून बघायचे."

 दारातून नवरा म्हणाला, "हो."